वर्षावनातील अश्वारोहण : कोस्टा रीकामधील नवशिक्यांच्या घोडेसफरी

घोडा हा मूलतः मोकळ्या व कोरड्या गवताळ प्रदेशाचा प्राणी आहे. त्याचे एकसंध खूर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना बसविलेले मोठे डोळे, भयाची चाहूल लागताच पळ काढण्याची वृत्ती आणि दिवसभर थोडे थोडे चरत राहण्यास योग्य अशी पचनसंस्था, हे सारे कठीण जमिनीच्या विस्तीर्ण मैदानांना अनुरूप असे आहे. उष्ण कटिबंधातील वर्षावन याच्या नेमके उलट. तेथे जमीन मऊ, दृष्टीचा पल्ला थोडा, हवा बाष्पाने भरलेली आणि गवत जवळजवळ नाहीच. असे असूनही मध्य अमेरिकेतील कोस्टा रीका या लहानशा देशात घोड्यावर बसून वर्षावन पाहणे हा पर्यटनाचा एक रूढ प्रकार झाला आहे, आणि त्यात भाग घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी पूर्वी कधी रिकिबीत पाय ठेवलेला नसतो. जनावर आपल्या स्वाभाविक परिसराबाहेर आणि स्वारही आपल्या परिसराबाहेर! या दोघांना सुखरूप नेऊन आणण्याची जबाबदारी वाटाड्याकडे असते. ही व्यवस्था कशी चालते, ती कोठे कोलमडते आणि तिचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम घोडा तेथे आला कसा ते पाहू. घोड्याच्या कुळाची उत्क्रांती उत्तर अमेरिकेतच झाली. परंतु सुमारे १०,००० वर्षांपूर्वी तो त्या खंडातून नामशेष झाला. १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर तो स्पॅनिश जहाजांतून नव्या जगात परत आला आणि सोळाव्या शतकात मध्य अमेरिकेत पसरला. कोस्टा रीकात त्याचे खरे घर झाले ते वायव्येकडील ग्वानाकास्ते प्रांतात. हा प्रदेश वर्षातून कित्येक महिने कोरडा असतो व तेथे गुराढोरांचे मोठे मळे आहेत. या मळ्यांवर घोड्यावरून गुरे राखणाऱ्यास ‘साबानेरो’ म्हणतात. आखूड बांध्याचा, काटक व पायाचा पक्का असा तेथील देशी घोडा पाहिला म्हणजे मराठी वाचकास भीमथडीच्या तट्टांची आठवण व्हावी.

ग्वानाकास्तेमधून हा घोडा ओल्या अरण्यप्रदेशात गेला तो गुरांच्या मागोमाग. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कुरणांसाठी कोस्टा रीकात प्रचंड प्रमाणावर जंगलतोड झाली. पुढे १९८० च्या दशकात गोमांसाचा व्यापार मंदावला, पुष्कळ कुरणे ओस पडली व त्यांवर पुन्हा झाडे वाढू लागली. १९९६ च्या वनविषयक कायद्याने जंगलाचे रूपांतर करण्यास बंदी घातली आणि १९९७ पासून वन राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला देण्याची योजना सुरू झाली. आज देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा वनाच्छादित आहे. या उलथापालथीत गुरे गेली, घोडे राहिले, आणि कित्येक ठिकाणी गुराखी वाटाड्या झाला. म्हणूनच पर्यटकास ‘वर्षावन’ म्हणून जे दाखविले जाते त्याचा बराच भाग चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुरण होता, आणि घोडा ज्या वाटेने चालतो ती वाटही पुष्कळदा जुनी गुरवाटच असते.

‘वर्षावन’ ही संज्ञाही येथे थोडी सैल अर्थाने वापरली जाते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर याने १८९८ मध्ये ती रूढ केली. पुढे कोस्टा रीकातच दीर्घकाळ काम केलेल्या लेस्ली होल्ड्रिज याने १९४७ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार उष्ण सखल प्रदेशात वर्षाकाठी ८,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असेल तरच ते खरे वर्षावन; ४,००० ते ८,००० मिलिमीटरपर्यंतचे ते ‘आर्द्र’ व त्याखालचे, २,००० मिलिमीटरपर्यंतचे, ते ‘दमट’ वन. या कसोटीने पाहता घोडेसफरींचे बहुतेक प्रदेश खालच्या दोन वर्गांत मोडतात. पर्यटकास या भेदाचे विशेष महत्त्व नाही. घोड्याला मात्र आहे. कारण पावसाच्या प्रत्येक वाढीव हजार मिलिमीटरबरोबर वाटेवरचा चिखल वाढत जातो.

या सफरींचे सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र म्हणजे आरेनाल ज्वालामुखीचा परिसर. २९ जुलै १९६८ रोजी या ज्वालामुखीचा अकस्मात उद्रेक होऊन ८७ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यानंतर २०१० पर्यंत तो धुमसत राहिला. त्याच्या पायथ्याचे ला फोर्तुना हे शेतकऱ्यांचे गाव या काळात पर्यटनाचे केंद्र बनले. गावाजवळच सुमारे ७० मीटर उंचीचा धबधबा आहे व तेथवर जाणारी काही तासांची घोडेसफर नवशिक्यास सहज झेपते. वाट प्रथम कुरणांतून व शेतांतून जाते आणि मग झाडीत शिरते.

या झाडीत शिरण्याच्या क्षणीच नवशिक्याची पहिली परीक्षा होते. उघड्या कुरणातील लख्ख उन्हातून घोडा वनाच्या कडेशी येतो आणि थबकतो. स्वाराला वाटते, जनावर अडले. तो टाचा मारू लागतो. वस्तुतः घोड्याला समोरचे नीट दिसत नसते. दाट वनाच्या तळाशी बाहेरच्या प्रकाशाचा शेकडा एकदोन भागच पोहोचतो, आणि घोड्याची दृष्टी अंधारात चांगली असली तरी उजेडातून अंधाराशी जुळवून घेण्यास तिला माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. शिवाय पायांजवळची जमीन पाहण्यासाठी त्याला मान खाली घालावी लागते. लगाम ताणून धरलेला असेल तर ते त्याला करता येत नाही. जाणता वाटाड्या अशा जागी सर्वांना थांबवितो, लगाम सैल सोडावयास सांगतो आणि आपला घोडा संथपणे पुढे काढतो. घोडा कळपाचा प्राणी असल्यामुळे एकामागून एक सारे आत शिरतात. नवशिक्याच्या सफरीचे सारे तंत्र या एका गोष्टीवर उभारलेले आहे : स्वार घोड्याला चालवीत नाही, तर घोडा पुढच्या घोड्यामागे चालतो.

मराठ्यांच्या लष्करात शिलेदार आपला स्वतःचा घोडा घेऊन येई आणि बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. पर्यटकाची स्थिती बारगिरासारखी आहे, पण त्याहून कच्ची. बारगीर निदान मोहीमभर तरी त्याच घोड्यावर बसे. पर्यटकाची आपल्या घोड्याशी ओळख तीनचार तासांची. त्या अवधीत त्याला मांड पक्की करण्याची कला येणे शक्य नाही. त्याच्याकडून अपेक्षा असते ती घोड्याच्या कामात अडथळा न आणण्याची. चढावर थोडे पुढे झुकून आयाळ धरावी, म्हणजे लगामाला लोंबकळावे लागत नाही. उतारावर अंग सरळ ठेवून किंचित मागे रेलावे. रिकिबीत पावलाचा चवडाच ठेवावा व टाच खाली दाबावी. टाच नसलेले पादत्राण रिकिबीतून आरपार घुसते आणि पडलेला स्वार फरफटत जाण्याचा धोका संभवतो. लगाम हाताला गुंडाळू नये. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याइतके अंतर राखावे. साबानेरो स्वतः रुंद काठाची टोपी घालून हिंडत असले, तरी नवशिक्याने शिरस्त्राण घातलेच पाहिजे. वनवाटेवर डोक्याला धोका पडण्याचा जेवढा, तेवढाच खाली वाकलेल्या फांद्यांचाही असतो.

एवढे पथ्य स्वार पाळू शकतो. परंतु सफरीच्या यशापयशाचा खरा निर्णय बहुधा तो घोड्यावर बसण्यापूर्वीच झालेला असतो, आणि तो तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वजन, उष्मा व चिखल.

वजनासंबंधी फार जुन्या काळापासून एक अंदाज प्रचलित आहे. घोड्याने खोगिरासकट आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भार वाहू नये. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्यास पुष्टी दिली. त्यांनी आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या शेकडा १५, २०, २५ व ३० इतका भार घालून श्रम करविले. शेकडा २० पर्यंत विशेष त्रास आढळला नाही. २५ व ३० ला मात्र हृदयाचे ठोके लक्षणीय वाढले आणि स्नायू दुखावल्याची चिन्हे दिसून आली. आता हे गणित वनवाटेवर मांडून पाहावे. घोडा ३५० किलोग्रॅम वजनाचा असेल तर त्याची मर्यादा ७० किलोग्रॅम. त्यातून खोगीर व इतर सामानाचे १२ ते १५ किलोग्रॅम वजा केले म्हणजे स्वारासाठी ५५ ते ५८ किलोग्रॅमच उरतात. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशांपैकी कितीजण या मापात बसतील? भिजलेले कपडे, पाण्याची बाटली व पाठीवरची पिशवी यांचा हिशेब तर निराळाच. म्हणून जेथे प्रवाशाचे वजन आधी विचारले जाते व त्याप्रमाणे घोडा नेमून दिला जातो तेथील व्यवस्था विश्वासार्ह मानावी. या प्रश्नाने पुष्कळांना अवघडल्यासारखे होते. पण तो न विचारणाऱ्या ठिकाणी त्याचे उत्तर घोड्याच्या पाठीला द्यावे लागते.

उष्म्याची गोष्ट तितकी उघड दिसत नाही. घोडा माणसाप्रमाणेच घामाने शरीर थंड ठेवतो. किंबहुना इतका घाम येणारे प्राणी थोडेच. परंतु घामाने थंडावा येतो तो त्याची वाफ झाली तरच. वर्षावनात हवा आधीच बाष्पाने संपृक्त असल्यामुळे घाम नुसता ओघळत राहतो. शरीरातील पाणी व क्षार जातात, उष्णता मात्र जात नाही. अश्ववैद्यकात यासाठी एक ढोबळ हिशेब वापरतात : फॅरनहाइट अंशांतील तपमान आणि शेकडा सापेक्ष आर्द्रता यांची बेरीज करावी. ती १५० च्या पुढे गेली की सावध व्हावे आणि १८० च्या पुढे घोड्याला श्रम देऊ नयेत. तपमान ८२ अंश, म्हणजे सुमारे २८ सेल्सियस, व आर्द्रता ९० असेल तर बेरीज १७२ होते. आणि असा दिवस तेथे मुळीच असाधारण नव्हे. सावलीत बसलेल्या माणसाला सुखद वाटणारी ही हवा भार वाहणाऱ्या घोड्याला धोक्याच्या कडेला नेऊन ठेवते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपूर्वी या प्रश्नाचे पुष्कळ संशोधन झाले. तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतल्याने अपाय होतो ही जुनी समजूत त्यात खोटी ठरली. अंगावर पुन्हा पुन्हा थंड पाणी ओतत राहणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे. वनात ओढे जागोजाग असतात. वाटाड्या तेथे थांबून घोड्यांच्या मानेवर व छातीवर पाणी मारतो की नाही, एवढ्यावरून त्याची जाण ओळखता येते.

चिखल ही मात्र या सफरींची सर्वांत कठीण बाजू होय. आरेनालच्या परिसरातील माती ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली आहे. अशी माती पुष्कळ पाणी धरून ठेवते व वरून घट्ट भासते. पण तुडविली गेली की तिचा लगदा होतो. भारासह ४५० किलोग्रॅमच्या घोड्याचे वजन चार लहान खुरांवर पडते. ढोबळ मानाने, उभ्या घोड्याच्या खुराखालचा दाब उभ्या माणसाच्या पावलाखालच्या दाबाच्या कित्येक पट असतो. पहिला घोडा जेथे खळगा करतो तेथेच मागचा पाय टाकतो, आणि काही दिवसांत वाटेवर गुडघाभर खोल खळग्यांची व त्यांमधील निसरड्या वरंब्यांची माळ तयार होते. अशा वाटेवर प्रत्येक पाय ओढून काढण्यात घोड्याची शक्ती खर्ची पडते, नाल निसटतात आणि पायांतील शिरा दुखावतात.

याचा कटू अनुभव ला फोर्तुना व मोंतेवेर्दे यांमधील सफरींत आला. मोंतेवेर्दे हे तिलारान डोंगररांगेवर सुमारे १,४०० मीटर उंचीवर वसलेले आहे. लष्करी सेवेस नकार देणाऱ्या अमेरिकन क्वेकर पंथीयांनी १९५१ मध्ये ते वसविले. त्यांनी पाणलोटासाठी राखून ठेवलेल्या वनाभोवतीच १९७२ मध्ये तेथील मेघवनाचे संरक्षित क्षेत्र उभे राहिले. ही दोन गावे सरळ रेषेत पंचवीसतीस किलोमीटरच दूर आहेत, पण मध्ये आरेनाल जलाशय व डोंगर असल्यामुळे मोटाररस्त्यास मोठा वळसा पडतो. तेव्हा जलाशय ओलांडून डोंगर घोड्यावरून चढण्याची सोय निघाली व १९९० च्या दशकात ती अतिशय लोकप्रिय झाली. यांतील एक वाट उंच, तीव्र चढाची आणि पावसात अत्यंत चिखलाची होती. भाड्याच्या चढाओढीत दर उतरले. उतरलेल्या दरात घोड्यांना विश्रांती व पुरेसा चारा परवडेना. थकलेली, जखमी जनावरे पाहून प्रवाशांनीच तक्रारी केल्या, प्रवासमार्गदर्शक पुस्तकांनी इशारे छापले, आणि हळूहळू जलाशयाच्या काठाने जाणारी सौम्य वाट पसंत केली जाऊ लागली. आज बहुतेक प्रवासी हे अंतर मोटार व नाव यांनीच ओलांडतात. येथे दोष कोणा एका वाटाड्याच्या क्रौर्याचा नव्हता. घोडा तोच, चढ तोच. पण एका फेरीची किंमत इतकी खाली आली की तीत घोड्याच्या विसाव्याचा खर्च बसत नव्हता. स्वस्त सफरीची भरपाई कोणीतरी करीतच असते.

चिखलाचा प्रश्न केवळ घोड्याचा नाही, वाटेचाही आहे. अमेरिकेतील माँटाना राज्यात झालेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पादचारी, सायकली, मोटारसायकली व घोडे यांची तुलना करण्यात आली. त्यांत वाटेवरील माती सर्वांत अधिक सुटी झाली ती घोड्यांमुळे. महाराष्ट्रात याचे उदाहरण माथेरानचे. तेथील वन निमसदाहरित प्रकारचे असून काटेकोर अर्थाने वर्षावन नव्हे. पण मोटारींना बंदी, घोड्यांवरून फिरणारे पर्यटक, मुसळधार पाऊस आणि जांभ्याची लाल माती हे सारे तेथे एकत्र आले आहे, आणि वाटांची धूप हा तेथील जुना प्रश्न आहे. कोस्टा रीकात काही जमीनमालक चढाच्या भागात आडवी लाकडे बसवितात, पाण्याला बाजूला वाट काढून देतात किंवा पावसाळ्यात वाट बंदच ठेवतात. यांतील शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त व सर्वांत अप्रिय आहे.

घोडा वनात परका, असे सरसकट म्हणण्यापूर्वी एका विचाराची दखल घेणे उचित ठरेल. डॅनियल जॅन्झन व पॉल मार्टिन यांनी १९८२ मध्ये असे प्रतिपादन केले की, मध्य अमेरिकेतील कित्येक झाडांची मोठी, गरयुक्त फळे हिमयुगाच्या अखेरीस नामशेष झालेल्या महाकाय प्राण्यांसाठी घडलेली आहेत. ते प्राणी गेल्यावर फळे झाडाखालीच कुजू लागली. पुढे स्पॅनिश लोकांचे घोडे व गुरे ती खाऊन लिदीतून व शेणातून बिया पसरवू लागली. कोस्टा रीकाचा राष्ट्रवृक्ष ग्वानाकास्ते हे त्याचे ठळक उदाहरण. मात्र हे निरीक्षण कोरड्या पानझडी वनातील आहे. ओल्या अरण्यात घोड्याच्या लिदीतून यावयाचे ते बहुधा कुरणातील गवताचे बी.

ओढे व नद्या ओलांडणे हा नवशिक्यांचा सर्वांत आवडता भाग, आणि धोक्याचाही. पाण्याकडे पाहिल्यास भोवळ आल्यासारखे होते, म्हणून दृष्टी पैलतीरावर ठेवावी. घोडा पुढच्या पायाने पाणी उडवू लागला तर तो लोळण्याच्या बेतात आहे असे समजून त्यास ताबडतोब पुढे हाकावे. परंतु खरे संकट वरून येते. डोंगरात कोठेतरी पाऊस कोसळतो आणि खाली आकाश निरभ्र असताना नदीला एकाएकी लोंढा येतो. कोस्टा रीकात त्याला ‘काबेसा दे आग्वा’, म्हणजे पाण्याचे मस्तक, असे नाव आहे. पाणी अकस्मात गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहत येणे आणि वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे ही त्याची पूर्वचिन्हे. अशा वेळी ठरलेली वाट सोडून मागे फिरण्याचा अधिकार वाटाड्यास मालकाने दिलेला असला पाहिजे. पुढच्या गटाची वेळ गाठण्याची घाई असलेला वाटाड्या तो वापरीत नाही.

ओलाव्याने होणारे घोड्याचे रोग अनेक आहेत. सतत भिजलेले खूर मऊ पडतात, तळव्याच्या खाचेत सडून दुर्गंधी सुटते, पाठीवर खपल्या धरतात. गोचिडांपासून रक्तातील ज्वर होतो. रक्तपिपासू वटवाघळे रात्री चरणाऱ्या घोड्यांस चावतात व त्यांच्यापासून अलर्काचा प्रसार होऊ शकतो, त्यामुळे त्याची लस टोचून घेणे इष्ट असते. यांवर मुख्य उपाय म्हणजे कोरडा, छप्पर असलेला तबेला आणि नियमित येणारा नालबंद.

प्रवाशाला हे सर्व तपासणे शक्य नसते. तथापि सफर संपल्यावर पाच मिनिटे थांबल्यास बरेच कळते. खोगीर उतरल्यावर पाठीवर घामाचा ठसा उमटलेला असतो. तो दोन्ही अंगांना सारखा ओला असेल तर खोगीर नीट बसले होते. ओल्या ठशामध्ये हातभर नव्हे, तळहाताएवढी जरी कोरडी जागा दिसली, तरी तेथे खोगिराचा दाब इतका पडला होता की घामच फुटू शकला नाही. अशाच जागी पुढे केस झडतात व पांढरे उगवतात. सकाळी घोडा निवडून देताना त्याच्या पाठीवर असे पांढरे ठिपके आहेत की काय, हे खोगीर चढविण्यापूर्वी पाहून घेता येते.